नुसत्या जिगरीने ठोसा बसत नाही

‘आधी जिगर, तंत्र नंतर’ हे वाक्य खडकवासल्यात ऐकलं, पुढे पलटणीत ऐकलं, आणि आता लखनौच्या छावणीतही ऐकतो आहे. मला ते साफ नामंजूर आहे.

नोव्हिस बॉक्सिंगमध्ये आपण काय बघतो? डोळे मिटलेले, हनुवटी वर, दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरताहेत. बाहेरून ‘मार, मार’चा गजर. याला आपण शौर्य म्हणतो. ती घबराट आहे. आणि दोष त्या पोराचा नाही, त्याला न शिकवता रिंगमध्ये ढकलणाऱ्यांचा आहे.

रंगरूटाला पहिल्याच दिवशी आपण फायरिंग रेंजवर नेतो का? पकड, निशाणा, श्वास, ट्रिगर हे आधी घोटून घेतो. मग मुठीलाच सूट का?

ठोसा पायातून निघतो. उजव्या हाताच्या माणसाचा डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, हनुवटी खाली. अंगठा बोटांच्या बाहेर, मनगट सरळ. जॅब मारताना डावा हात सरळ जातो आणि त्याच वाटेने गालाशी परत येतो. तोवर उजवा हात हनुवटी सोडत नाही. क्रॉस मारताना आधी टाच वळते, मग कंबर, मग खांदा. हात सगळ्यांत शेवटी. मार तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी बसला पाहिजे. करंगळीच्या बाजूने आदळला तर तिथलं हाड मोडतं. डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात.

कोणी म्हणेल, हेडगार्ड आहे ना! हेडगार्ड भुवई फुटण्यापासून वाचवतं. कवटीच्या आत मेंदू हादरतो, ते थांबवत नाही. तिथे वाचवतात ते खाली ठेवलेली हनुवटी आणि वेळेवर परत आलेला हात.

‘ऐन मारामारीत तंत्र कुठे आठवतं?’ आठवावं लागू नये म्हणूनच तर ड्रिल असते! आपल्याच फौजेच्या हवा सिंग यांनी 1966 आणि 1970 अशा लागोपाठच्या दोन आशियाई स्पर्धांत हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. 1982 मध्ये कौर सिंग यांनी. जिगर त्यांच्याकडेही होतीच. पण अशी पदकं नुसत्या जिगरीवर मिळत नाहीत.

माझी मागणी एवढीच: जॅब मारल्यावर ज्याचा हात न सांगता गालाशी परत येत नाही, त्याला रिंगमध्ये उतरवू नका. ही अट उस्तादाने घालावी आणि ट्रॉफीसाठी कितीही घाई असली तरी कमांडरने ती मोडू नये. ज्याला जिगर दाखवायचीच आहे, त्याने आरशासमोर रोज हजार जॅब मारून दाखवावेत.