तुल्यबळ गाड्यांचा प्रश्न

दोन भिन्न जातींच्या कृतींची तुलना कशी करावी, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात दरवर्षी नव्याने उपस्थित होतो आणि दरवर्षी अनुत्तरित राहतो. खंडकाव्य आणि कादंबरी यांना एकाच फूटपट्टीने मोजता येत नाही, असे सांगून आपण सुटका करून घेतो. मोटारींच्या शर्यतींचे जे संगणकीय खेळ आहेत त्यांच्या रचनाकारांना ही चैन परवडत नाही. त्यांना हलकी जपानी गाडी आणि अवजड जर्मन गाडी एकाच रेषेवर उभी करावी लागते, आणि दोघींना जिंकण्याची सारखीच संधी आहे असे आकड्यांत दाखवावेही लागते. हे काम ते कसे करतात आणि करताना काय गमावतात, याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. विषय या पानांना उपरा वाटेल. पण मूल्यमापन हा आपला धंदा आहे, आणि धंद्यातला माणूस दुसऱ्याचा तराजू पाहायला थांबतोच.

‘ग्रान तुरिस्मो’ ही मालिका उदाहरणादाखल घेऊ. काझुनोरी यामाउची यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला तिचा पहिला खेळ १९९७ साली जपानमध्ये प्लेस्टेशनवर आला. त्यात खेळाडूच्या हाती आरंभी दहा हजारांची काल्पनिक रक्कम असे. तेवढ्यात जी जुनी, लहानशी गाडी मिळेल ती घ्यायची, रविवारच्या किरकोळ शर्यतीत उतरायचे, बक्षिसाच्या पैशातून सुटे भाग बसवायचे आणि हळूहळू वर चढायचे. गाड्या असमान होत्या आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण ती असमानता हेच कथानक होते. २०१० सालच्या पाचव्या भागात गाड्यांची संख्या हजारावर गेली. (त्यांतल्या बऱ्याच गाड्या म्हणजे एकाच निसान स्कायलाइनचे किंवा माझदा रोडस्टरचे वेगवेगळ्या सालांतले अवतार होते. एका कवितासंग्रहाच्या चार आवृत्त्या चार संग्रह म्हणून मोजाव्यात, तसा हा हिशोब.) २०२२ सालच्या सातव्या भागातही आरंभ तोच आहे: टोयोटा ॲक्वा, होंडा फिट आणि माझदा डेमिओ या तीन साध्यासुध्या गाड्यांतून एक निवडायची.

समोर यंत्र असते तोवर हे ठीक चालते. समोर दुसरा माणूस आला की न्यायाचा प्रश्न उभा राहतो. त्यावर दोन उपाय योजले गेले. पहिला म्हणजे प्रत्येक गाडीला तिच्या क्षमतेचे गुण देणे. खेळाडू त्यांना ‘पीपी’ म्हणतात. अमुक शर्यतीला सहाशे पीपीपर्यंतची कोणतीही गाडी आणा, असा तो नियम. दुसरा उपाय प्रत्यक्ष शर्यतींच्या जगातून आला. त्याचे नाव ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’, बोलीत बीओपी. स्तेफान रातेल यांच्या संस्थेने २००६ साली जीटी३ ही श्रेणी सुरू केली, तिचा सारा डोलारा या एका कल्पनेवर उभा आहे. मर्सिडीजचे ६.२ लिटरचे इंजिन पुढे, आउडीचे दहा सिलिंडरचे इंजिन मध्यभागी आणि पोर्शेचे मागच्या चाकांच्याही मागे. अशा गाड्या एकत्र धावाव्यात म्हणून एकीवर वजन लादायचे, दुसरीच्या इंजिनाची हवा आवळायची, तिसरीच्या टर्बोचा दाब कमी करायचा.

कल्पना जुनीच आहे. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्याला जास्त वजन वाहायला लावतात. जॉकी हलका असला तर खोगिरात शिसे घालून ते भरून काढतात. घोडा मात्र घोडाच राहतो. गाडीवर वजन लादले की तिचा स्वभाव बदलतो, आणि माझा मुद्दा येथून सुरू होतो.

आधी ‘पीपी’चे पाहू. मात्रावृत्तात एका गुरूच्या जागी दोन लघू घातले की मात्रांची बेरीज तीच राहते. ओळीची चाल तीच राहते काय? छंद शिकवणाऱ्या कोणालाही याचे उत्तर ठाऊक आहे. आता समजा, एक गाडी दीड हजार किलोची आणि साडेचारशे अश्वशक्तीची आहे, दुसरी हजार किलोची आणि तीनशे अश्वशक्तीची. टनामागे दोघींची शक्ती तीनशे, म्हणजे बेरीज जुळली. पण हवेचा विरोध वजन पाहत नाही. तो तोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दोघींचा आकार हवेला सारखाच आडवा येत असेल, तर पहिलीचा कमाल वेग दुसरीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी जास्त भरेल. उलट वळणावर आणि ब्रेक दाबताना हलकी गाडी सरस ठरते, कारण टायरवर भार वाढतो त्या प्रमाणात त्याची पकड वाढत नाही. दोन वेगळे स्वभाव एका आकड्यात कोंबले की तो आकडा खोटा नसतो, पण मुका असतो. उच्च शिक्षणात २०१०च्या नियमावलीने आणलेल्या ‘एपीआय’ गुणांचे तक्ते ज्यांनी भरले आहेत, त्यांना या मुकेपणाविषयी अधिक सांगायला नको. आणि तेथे झाले तेच येथेही झाले: वेग कमी होऊ न देता गुण तेवढे कमी दिसावेत अशा जुळण्या खेळाडूंनी शोधून काढल्या.

बीओपी हा त्यापेक्षा प्रामाणिक प्रयत्न आहे. त्यात सूत्राने गुण न देता गाड्या प्रत्यक्ष पळवून पाहतात आणि फेरीचा वेळ जुळेपर्यंत वजन व शक्ती खालीवर करतात. सर्किट वेगवान आहे की वळणावळणांचे, याचाही विचार होतो. तरीही या खेळाच्या रोजच्या स्पर्धांत वीस गाड्यांपैकी बारा-पंधरा एकाच जातीच्या दिसतात. हे का व्हावे? खेळाडू अनुकरणप्रिय आहेत, हे उत्तर सोपे आहे आणि अर्धवट आहे.

खरे कारण असे, की फेरीचा वेळ हे एकट्याच्या धावण्याचे माप आहे आणि शर्यत ही झुंज आहे. हलकी गाडी वळणात दोन दशांश सेकंद कमावते, जड गाडी सरळ रस्त्यावर तेवढेच, कागदावर फिटंफाट. पण वळणात जाण्याची चांगली वाट एकच असते, आणि ती पुढच्या गाडीने अडवलेली असते. हलक्या गाडीला आपला गुण तेथे वापरताच येत नाही, ती नुसती मागे घुटमळते. जड गाडी मात्र सरळ रस्त्यावर शेजारून निघून जाते. म्हणजे वेळ समान असूनही बळ समान नसते. पुढच्याच चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचे आणखी वेगळे: ओढणे आणि वळणे दोन्ही कामे त्याच दोन टायरांवर पडतात. तीन फेऱ्यांत हे जाणवत नाही. टायर झिजू देणाऱ्या लांब शर्यतीत त्या गाड्या निम्म्यावरच थकतात. शिवाय हे संतुलन कोणाच्या हाताने मोजायचे? मागे इंजिन असलेली पोर्शे जाणत्याच्या हाती वळणातून बाहेर पडताना जमिनीला चिकटून राहते, नवख्याच्या हाती गिरकी घेते. जाणत्यांसाठी जुळवलेला आकडा नवख्याला अन्यायकारकच ठरणार. प्रश्नपत्रिका काढताना आपणही याच पेचात सापडतो.

या त्रुटी दिसल्या की रचनाकार काय करतात? आणखी सुधारणा. पुढल्या अद्ययावतीकरणात एखाद्या गाडीची शक्ती एक टक्का कमी, दुसरीचे वजन दोन टक्के जास्त. आठवडाभरात नवी लाडकी गाडी सापडते आणि सारे तिच्यावर जाऊन बसतात. याचा निषेध करावासा वाटतो तो येथे. या दुरुस्तीची दिशा अशी आहे, की अखेर कोणत्याही गाडीत खोड उरू नये. खोड उरली नाही की निवडीला अर्थ नाही. माझ्या परिचयाचे काही विद्यार्थी हे खेळ मन लावून खेळतात. ते शर्यतीपूर्वी गाडी चालवून पाहत नाहीत, या आठवड्याची गाडी कोणती ते कुठेतरी वाचून येतात. मूळ पुस्तक न उघडता मार्गदर्शिका वाचणाऱ्यांना आपण रागावतो, हे त्याच जातीचे आहे. गाडी निवडणे हे या खेळांतले वाचन आहे. रोडस्टर घेणारा ब्रेक उशिरा दाबायला शिकतो, पोर्शे घेणारा संयम शिकतो. गाडीच्या उणिवेशी जुळवून घेता घेता खेळाडूची शैली घडते.

समतोलाच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. मार्च २०२२मध्ये सातव्या भागात शर्यतींची बक्षिसे एकाएकी घटवण्यात आली. महागड्या गाड्यांसाठी एकतर तासन्‌तास राबा, नाहीतर खरे पैसे मोजा, असा त्याचा अर्थ लावला गेला. ओरड इतकी झाली की यामाउचींना क्षमा मागावी लागली आणि खेळाडूंना दहा लाखांची खेळातली रक्कम भरपाई म्हणून द्यावी लागली. अशा बाजारात बीओपी हे गरिबाचे कवच आहे. ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे त्याने सुटे भाग विकत घेऊन बळ वाढवू नये, हे बंधन मला पूर्ण मान्य आहे. पण धनाची विषमता मिटवणे वेगळे आणि स्वभावाची भिन्नता मिटवणे वेगळे. पहिल्यासाठी शर्यतीपुरती गाडी उसनी देता येते, सुटे भाग बंद ठेवता येतात. त्यासाठी प्रत्येक गाडी प्रत्येक सर्किटवर सारख्याच वेळेत धावली पाहिजे असे काही नाही.

दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रतिनायकाचाही वंश, पराक्रम आणि विद्या वर्णावी असे सुचवले आहे, अशा शत्रूला जिंकल्याने नायकाचा उत्कर्ष दिसतो. प्रतिनायक थोर हवा, इतकेच तो सांगतो. तो नायकासारखाच असावा असे सांगत नाही.

प्रत्यक्ष शर्यतींतही हा तराजू वादातीत नाही. २०२३ साली ल मान्सच्या शतकमहोत्सवी शर्यतीपूर्वी टोयोटावर ३७ किलो आणि फेरारीवर २४ किलो जादा वजन ठेवण्यात आले. फेरारी जिंकली, टोयोटा दुसरी आली. तेरा किलोंच्या या फरकाची चर्चा पुढे खूप रंगली. मात्र त्या अजिंक्यपदाच्या नियमांनुसार स्पर्धक संघांना बीओपीविषयी जाहीर टिप्पणी करण्यास मनाई आहे. परीक्षकाच्या निकालावर लेखकाने बोलू नये, असा संकेत आपल्याकडेही पाळला जातो, निदान छापील मजकुरात.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच, की समतोल गाडीत शोधण्याऐवजी सर्किटांच्या क्रमात शोधावा. त्याची सोय याच मालिकेत आधीपासून आहे. २०१८पासून तिच्या अधिकृत स्पर्धांत उत्पादकांची एक वेगळी स्पर्धा भरू लागली. तीत खेळाडूने हंगामाच्या आरंभी एका कंपनीशी करार करायचा आणि पुढे तिच्याच गाड्या चालवायच्या. ल मान्सचा सरळ रस्ता आपल्या गाडीला जड जाणार हे ठाऊक असूनही माझदाची निवड करणारे त्या यादीत सापडतात. त्या दिवशी ते मागे पडतात, वळणावळणांच्या पुढच्या सर्किटवर काय करता येईल याचा हिशोब करतात, आणि कराराप्रमाणे तीच गाडी घेऊन पुन्हा रेषेवर येतात.