जुन्या गिटारीचे सोवळे

आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी पेटी-तबल्याच्या शेजारी आता इलेक्ट्रिक गिटारही येऊन बसली आहे. तिच्या नादाविषयी घरातील वडीलधाऱ्यांचे मत काय आहे, हा प्रश्न आम्ही तूर्त बाजूस ठेवतो. आमच्यापुढे आहे तो प्रश्न तिच्या खरेदीचा. मुलाने चार वर्षे हलक्या वाद्यावर हात बसवलेला असतो. आता त्यास चांगले वाद्य घेऊन द्यावे असे आईबापांच्या मनात येते. आणि चौकशी करू जाता कळते की, नामांकित अमेरिकन कारखान्याच्या उत्तम नव्या गिटारीस लाख-दोन लाख रुपये पडतात. इतक्यात कोणी जाणकार स्नेही भेटतो आणि कीव केल्यासारखे हसून सांगतो, "नव्यात काय ठेवले आहे? खरी गिटार ती १९६५ पूर्वीची. तसे लाकूड आता नाही, तसा हात आता नाही आणि तो आवाज तर नाहीच नाही!" झाले, मुलाच्या मनात कायमचे शल्य राहते आणि बापाच्या मनात कायमचा संशय.

या मताचा आज इतका बोलबाला आहे की, त्याविरुद्ध बोलणे म्हणजे रसिकतेच्या पंक्तीतून उठणे होय. तथापि आमचे मत आम्ही आरंभीच स्पष्ट सांगून टाकतो. ज्यास गिटार वाजवावयाची आहे त्याने नवी घ्यावी. जुन्या गिटारीस तिच्या जुनेपणाबद्दल दाम मोजणे हा वाद्यावरील प्रेमाचा प्रकार नसून अवशेषपूजेचा प्रकार आहे. आणि जुनेपणाचे सोंग घेतलेली नवी गिटार महागात घेणे हा तर त्याहूनही हास्यास्पद प्रकार होय.

प्रतिपक्षाची पोथी प्रथम ऐकून घेऊ. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर याने १९५० साली सपाट व भरीव धडाची गिटार बाजारात आणली; तीच पुढे टेलिकास्टर या नावाने प्रसिद्ध झाली. १९५४ साली त्याची स्ट्रॅटोकास्टर निघाली. मिशिगनमधील कॅलमझू येथील गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल या वादकाच्या नावाची गिटार काढली. पुढे जानेवारी १९६५ मध्ये फेंडरने आपली कंपनी सीबीएस या बलाढ्य संस्थेस १ कोटी ३० लाख डॉलरला विकली, आणि तेथून, पोथी म्हणते, कलियुग लागले. त्यापूर्वीचे ते सत्ययुग. १९५४ साली जी स्ट्रॅटोकास्टर २४९ डॉलर ५० सेंटला दुकानात मिळे, तिला आज हजारो डॉलर पडतात. आणि १९५९ सालच्या निवडक लेस पॉल गिटारी लाखो डॉलरच्या घरात गेल्या आहेत.

आता ही श्रद्धा कशावर उभी आहे ते पाहू. ती उभी आहे काही ध्वनिमुद्रणांवर. ज्या नादाने दोन पिढ्या वेड्या झाल्या तो नाद जुन्या गिटारींतून निघाला, म्हणून जुनी गिटार श्रेष्ठ, असा हा तर्क आहे. परंतु या तर्कात एक ढळढळीत चूक आहे, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही याचेच आम्हांस आश्चर्य वाटते. ज्या वेळी तो नाद निघाला त्या वेळी ती गिटार जुनी नव्हती! एरिक क्लॅप्टनने १९६६ साली जॉन मेयॉलच्या मंडळीबरोबर जी तबकडी गाजवली, तिच्यावरील त्याची लेस पॉल फार तर सहा-सात वर्षांची होती. जिमी पेजने १९६९ साली घेतलेली १९५९ ची लेस पॉल दहा वर्षांची होती. जिमी हेन्ड्रिक्सने ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात वाजवलेली पांढरी स्ट्रॅटोकास्टर तर १९६८ साली तयार झालेली, म्हणजे जेमतेम वर्षा-दीड वर्षाची; आणि ती सीबीएसच्या अमदानीतली, म्हणजे पोथीप्रमाणे कलियुगातली! ज्या नादासाठी आज साठ-सत्तर वर्षांचे लाकूड शोधत फिरावयाचे, तो नाद निर्माण करणाऱ्यांनी स्वतः नवी किंवा नवीच्या जवळपासची वाद्ये वापरली. वार्धक्याचा गुण म्हणून जे वाखाणले जाते ते वस्तुतः तारुण्याचे कर्तृत्व होते.

बरे, त्या सत्ययुगातील लोकांस तरी या रत्नांची पारख होती काय? ज्या लेस पॉलसाठी आज संग्राहक घरदार गहाण टाकावयास तयार होतात, तो लालसर-पिवळ्या छटेचा प्रकार १९५८ ते १९६० या काळात दोन हजारांहूनही कमी निघाला, आणि तेवढाही खपेना म्हणून गिब्सनने तो बंद करून १९६१ साली निराळ्या आकाराची गिटार पुढे केली. क्लॅप्टनसारख्यांनी ती टाकून दिलेली वस्तू उचलून कानास गोड करून दाखवली, तेव्हा जग मागे वळले. १९६८ साली कंपनीला ती पुन्हा काढावी लागली. आजची किंमत आहे ती दुर्मीळपणाची आणि कीर्तीची. ती नादाची किंमत आहे असे म्हणणे म्हणजे जुन्या नाण्याचा भाव त्याच्या खणखणाटावरून ठरतो असे म्हणण्यासारखे आहे.

इलेक्ट्रिक गिटार ही मुळात वस्तू कोणती, याचा विचार केला तर हा भ्रम आणखी उघडा पडतो. तीत पोलादी तार लोहचुंबकापुढे कंप पावते, चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे जे वेटोळे असते त्यात त्या कंपाने सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो ध्वनिवर्धकात जाऊन मोठा होतो. १९३२ साली विक्रीस आलेल्या आरंभीच्या इलेक्ट्रिक गिटारीचे धड तर ओतीव ॲल्युमिनियमचे होते. मांडीवर आडवी घेऊन वाजवावयाच्या त्या वाद्यास लोक थट्टेने 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, म्हणत. लाकडाचा काहीच संबंध नाही असे आम्ही म्हणत नाही. वाद्याचा तोल, तारेचा ठहराव, हाताला होणारा स्पर्श यांत लाकूड आहेच. परंतु पोकळ धडाच्या वाद्यात लाकडाचे जे राज्य असते ते येथे नाही. शिवाय त्या काळची वेटोळी तरी एकसारखी कोठे होती? गिब्सनच्या ज्या पिकअपची 'पेटंट मागितले आहे' एवढ्या चिठ्ठीवरून आज पूजा होते, त्यांच्या तारेच्या फेऱ्यांची संख्या एकाची दुसऱ्याशी जुळत नाही आणि लोहचुंबकही हाती येतील त्या जातीचे बसवलेले असत. तेव्हा त्यांत काही अप्रतिम निघाली, काही सामान्य निघाली. 'जुनी' हे विशेषण लावताच सर्वांचा आवाज एक होत नाही.

लाकडाच्या जातीवरून तर केवढे सोवळे! जुन्या गिटारींच्या बोटपट्टीस ब्राझील देशातील शिसवाचे लाकूड असे, तसे आता मिळत नाही, हे दुःख आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. मिळत नाही हे खरे आहे. ते अरण्य तोडून संपत आल्यामुळे १९९२ साली त्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार करारान्वये बंद करण्यात आला. परंतु कारखानदार त्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या दशकाच्या मध्यापासूनच, हिंदुस्थानातील शिसवाकडे वळले होते. हे शिसव म्हणजे कोण? आपल्या आजोबांच्या वाड्यातील पलंग, देव्हारा आणि चौरंग ज्याचे असत, तेच! ज्या लाकडावर आपले देव बसले ते एका अमेरिकन गिटारीच्या पट्टीस हलके पडते, ही तक्रार निदान मराठी माणसाने तरी करू नये.

कोणी म्हणेल, तुमची ही युक्तिवादाची चऱ्हाटे राहू द्या. कान खोटे बोलत नाहीत. आमचे म्हणणे असे की, कान खोटे बोलत नसतील, पण डोळे आणि पैशाची थैली मात्र कानात सारखी कुजबुजत असतात. याची परीक्षा व्हायोलिनच्या बाबतीत झालेली आहे. २०१० साली इंडियानापोलिस येथे २१ अनुभवी वादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवून त्यांच्या हाती तीन नवी व तीन प्राचीन इटालियन व्हायोलिने देण्यात आली. प्राचीनांपैकी दोन स्ट्रॅडिव्हेरियसची होती. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांनी नवे पसंत केले, आणि सर्वांत नावडते ठरले ते एक स्ट्रॅडिव्हेरियसचेच! पुढे पॅरिस येथे दहा नामवंत वादकांनी सहा जुन्या व सहा नव्या वाद्यांतून निवड केली, तेव्हाही दहांपैकी सहांनी नवेच उचलले. ज्या वाद्याचे सारे सामर्थ्य लाकडात, त्याची ही कथा; मग जिचा आवाज चुंबकातून निघून तारेवाटे पेटीत जातो त्या गिटारीची काय असेल?

यावर आमच्या घरातूनच एक आक्षेप निघतो, आणि तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आपल्याकडे जुन्या तंबोऱ्याची महती गातात, ती काय खोटी? ती खोटी नाही. परंतु ज्याने तंबोरा खरोखर बाळगला आहे त्यास ठाऊक असते की, तारांच्या घासण्याने घोडी झिजते, जवारी बिघडते, आणि मग ती मिरजेच्या किंवा तशाच जाणत्या कारागिराकडून पुन्हा काढून घ्यावी लागते. तंबोरा गातो तो वयाने नव्हे, त्याच्यावर पुनःपुन्हा फिरलेल्या जिवंत हाताने. मिरजेत शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडवण्यास आरंभ केला. तो धंदा आज टिकला आहे, २०२४ साली तेथील सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले, याचे कारण गवयांनी पिढ्यान्पिढ्या नवी वाद्ये करवून घेतली. आजोबांच्या तंबोऱ्यावाचून गाणार नाही असा हट्ट सर्वांनी धरला असता, तर मिरजेच्या त्या गल्लीत आज काय ऐकू आले असते?

येथेच या वादाचे मर्म आहे. जुन्या गिटारीस मोजलेले लाखो रुपये ज्याने ती घडवली त्याच्या घरी जात नाहीत. ते जातात दलालाकडे व संग्राहकाकडे. नवीस मोजलेल्या पैशातून मात्र आज कोणाचा तरी हात शिकतो, कोणाची तरी करवत चालते. आणि जुनी वस्तू घेऊन वाजवणाऱ्याच्या पदरी काय पडते? आमच्या परिचयातील एका तरुणाने दोन वर्षांची शिल्लक घालून परदेशातून अशी एक गिटार आणवली. पडदे झिजून सपाट झालेले. वरचे स्वर नीट लागेनात. कारागीर म्हणाला, पडदे बदलू. तरुण म्हणाला, छे, मूळचे आहेत, किंमत उतरेल! त्याचे भय अगदीच निराधार नव्हते. जुन्या गिटारीचे रोगण नव्याने चढवले तर तिचा भाव निम्म्यावर येतो असे बाजारात मानतात. ती गिटार आता भिंतीवर आहे आणि तो तरुण आपल्या जुन्या, हलक्या वाद्यावर रियाज करतो. जे वाद्य दुरुस्त करण्याची मालकास छाती होत नाही ते वाद्य राहिले नाही. ते ठेव झाले.

खऱ्या वादकांनी असले सोवळे कधीच पाळले नाही. पिंक फ्लॉइड मंडळीच्या डेव्हिड गिल्मरने १९७० साली न्यूयॉर्कच्या दुकानातून एक काळी स्ट्रॅटोकास्टर घेतली. पुढे त्याने तिची मान अनेकदा बदलली, पिकअप बदलले, धडावरील पट्टीही बदलली. तीच गिटार २०१९ च्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. घेणाऱ्याने पैसे मोजले ते गिल्मरच्या बोटांच्या आठवणीला. बोटे मात्र गिल्मरजवळच राहिली. लिओ फेंडरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्यास स्वतः गिटार वाजवता येत नसे. मोडले की स्क्रू काढून दुसरे बसवता यावे, म्हणून त्याने मान धडास स्क्रूने जोडली. आणि कंपनी विकल्यावरही १९९१ साली मरेपर्यंत तो नव्या गिटारी व नवे पिकअप रचतच राहिला. सत्ययुगाच्या कर्त्यासच सत्ययुग संपल्याचे कळले नव्हते!

आता त्या सोंगाविषयी दोन शब्द. १९९५ पासून फेंडरने आणि पुढे इतरांनीही मुद्दाम जीर्ण केलेल्या नव्या गिटारी विकण्यास आरंभ केला. रोगणास भेगा पाडावयाच्या, पाठीवर कमरपट्ट्याच्या ओरखड्यांचे चित्र काढावयाचे, धातूस गंज आणावयाचा, आणि त्या खराबीबद्दल गिऱ्हाइकाकडून अधिक दाम घ्यावयाचे! तपश्चर्या न करता विकत आणलेल्या जटा म्हणतात त्या याच. ज्या घरी नवे भांडे ठेचकाळले तर दुकानदाराशी भांडण होते, त्या घरी ठेचकाळल्याबद्दल जास्त पैसे मोजले जावेत, ही आमच्या शिक्षितपणाची शोभा नव्हे.

नवी म्हणजे कितीही महाग घ्यावी, असे मात्र आम्ही सांगत नाही. हलक्या वाद्यापासून उत्तम वाद्यापर्यंत जाताना पैशाचे फळ हाती येते: मान सरळ राहते, खुंट्या स्वर धरून ठेवतात, पडद्यांच्या कडा बोटास लागत नाहीत, पिकअप स्वच्छ बोलते. त्यापुढे चढत जाणारी किंमत ही बव्हंशी नक्षीची व नावाची असते. बापाने दुकानात जाऊन एवढे करावे: बाराव्या पडद्यावर दाबून काढलेला स्वर आणि त्याच जागी तारेस नुसता स्पर्श करून काढलेला स्वर एक येतो की नाही, हे मुलास पाहावयास सांगावे, प्रत्येक पडद्यावर तार निर्वेध बोलते का, ते ऐकावे, आणि मग वाद्यावरील नाव झाकून कान काय म्हणतो ते विचारावे. याच कसोटीस उतरलेली एखादी वापरलेली गिटार माफक दरात मिळाली तर तीही खुशाल घ्यावी. आमचे वैर जुन्या वस्तूशी नाही, जुनेपणाच्या भावाशी आहे.

ज्या कालिदासास आज आपण प्राचीन म्हणून वंदन करतो, त्यालाही 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रारंभी, भासादिकांची कीर्तिमान नाटके असता या नव्या कवीचे नाटक कशाला, अशी शंका सूत्रधारासमोर उपस्थित करवून तिचे निरसन करावे लागले होते. त्या वेळच्या प्रेक्षकांनी पोथी मिटून घर गाठले असते तर आज आपण प्राचीन तरी कशास म्हणालो असतो? घरातील मुलाच्या हाती नवी गिटार द्यावी. तिला जुनी करावयाचे काम त्याचे आहे.