साप शेपटीने धरू नका!

वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. ही चळवळीची मोठी कमाई आहे. परंतु वाचनानंतरच्या चर्चेत काय घडते, यावर आम्ही बोलत नाही. पंचशील म्हणताना एखादी म्हातारी उपासिका ‘वेरमणी’ला अडखळते. आमच्यातला शिकलेला भाऊ तिला चारचौघांत दुरुस्त करतो. पुढच्या रविवारी ती आजी विहारात दिसत नाही. पाली शुद्ध झाली, माणूस मात्र तुटला!

मज्झिम निकायातील अलगद्दूपम सुत्तात तथागत सांगतात, काही जण धम्म शिकतात तो इतरांचे दोष काढण्यासाठी आणि वादात जिंकण्यासाठी. त्यांची गत साप शेपटीने धरणाऱ्या माणसासारखी होते. साप उलटून त्यालाच डसतो. बेचक्याच्या काठीने डोके दाबून मान पकडणारा सुरक्षित राहतो. दोष सापाचा नाही, धरण्याच्या रीतीचा आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील पोठिल थेर त्रिपिटकाचे जाणकार. शेकडो भिक्खूंना शिकवणारे. तथागत त्यांना ‘तुच्छ पोठिल’, म्हणजे रिकामा पोठिल, म्हणत. कारण जे शिकवले ते स्वतः आचरले नव्हते. शेवटी त्यांनी सात वर्षांच्या सामणेराला गुरू केले, तेव्हा त्यांचा अहंकार गळाला. आमच्या विद्वानांची वस्तीतल्या आजीजवळ बसून ऐकण्याची तयारी आहे काय?

याचा अर्थ अभ्यास सोडा असा नव्हे. बाबासाहेबांनी स्वतः पाली व्याकरणावर आणि शब्दकोशावर परिश्रम घेतले. पण त्यांनीच बजावले आहे की प्रज्ञा तलवारीसारखी असते. शीलवानाच्या हाती ती रक्षण करते, शीलहीनाच्या हाती घात करते. पुढे करुणा आणि मैत्री नसेल तर शीलही अपुरेच.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अक्षरओळख नसलेल्या आमच्या आयाबायांनी वंदना कानांनी ऐकून पाठ केली आणि घराघरांत टिकवली. त्यांच्यामुळे आज आमच्या हाती ग्रंथ आहे. तो ग्रंथ त्यांनाच गप्प करण्यासाठी वापरणे हा कृतघ्नपणा होय.

म्हणून यापुढे चूक दिसली तर ती बाजूला बसून, हळूच आणि आदराने सांगू या. आणि आपली चूक कोणी दाखवली, तर हात जोडून स्वीकारू या. आमच्या अभ्यासाची खरी परीक्षा हीच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!