रक्तदाबाची गोळी म्हणजे मूत्रपिंडाचे कवच नव्हे

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. रक्तदाबासाठी ते ॲटेनोलॉल घेतात आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक. म्हणाले, "डॉक्टर, बीपीची गोळी किडनीचं रक्षण करते असं वाचलं. मग दुखण्याची गोळी रोज घेतली तर काय बिघडलं?"

वाचलेले अगदीच खोटे नव्हते. ॲटेनोलॉलच्याच, म्हणजे बीटा-ब्लॉकर गटातील कार्व्हेडिलॉल हे औषध उंदरांना दिले असता जेंटामायसिन, सिसप्लॅटिन यांनी मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. पण उंदरांवरचा प्रयोग म्हणजे माणसावरचा उपचार नव्हे. आणि ॲटेनोलॉल म्हणजे कार्व्हेडिलॉल नव्हे.

उलट, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात, अंगात मीठ-पाणी साठवतात आणि रक्तदाबाच्या गोळीचा गुणही कमी करतात. ॲटेनोलॉल लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंड थकले की ते रक्तात साठून नाडी मंदावते.

त्या गृहस्थांचे क्रिएटिनीन २.१ निघाले. ते साधारण १.२ च्या आत हवे.

माझे स्पष्ट मत आहे की, वेदनाशामक गोळी चिठ्ठीवाचून कुणी मागू नये आणि दुकानदारानेही देऊ नये. रक्तदाबाच्या रुग्णांनी वर्षातून एकदा तरी क्रिएटिनीन व लघवी तपासून घ्यावी. मात्र हे वाचून घाबरून बीटा-ब्लॉकर एकाएकी बंद करू नका. त्याने हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.