रॉस रायफल का अडकत होती? एका चुकलेल्या निदानाची गोष्ट

१/ एप्रिल १९१५. बेल्जियममधील ईप्र शहराजवळ कॅनडाची पहिली डिव्हिजन जर्मन सैन्यासमोर उभी होती. क्लोरीन वायूचे लोट खंदकांवर आले आणि पाठोपाठ जर्मन पायदळ चालून आले. नेमक्या त्या घटकेला अनेक कॅनेडियन सैनिकांच्या रायफली अडकल्या. गोळी सुटे, पण रिकामी पुंगळी बाहेर येईना. सैनिक बोल्टच्या मुठीवर बुटाने लाथा मारत होते, खंदक खणण्याच्या अवजाराच्या दांड्याने ती ठोकत होते.

२/ ही रायफल म्हणजे ‘रॉस’. त्या लढाईतून वाचलेल्या सुमारे ५,००० सैनिकांपैकी १,४५२ जणांनी ती टाकून ब्रिटिशांची ली-एनफील्ड उचलली होती. तेव्हापासून रॉसवर शिक्का बसला : चिखलात अडकणारी वाईट रायफल. हा निकाल सोयीचा आहे, पण अपुरा आहे. चिखल दोन्ही रायफलींच्या वाट्याला सारखाच आला होता. मग रॉसच का अडकली?

३/ आधी तिचा जन्म पाहावा लागतो. बोअर युद्धाच्या काळात कॅनडाला ब्रिटनकडून हव्या तेवढ्या ली-एनफील्ड मिळेनात. तेव्हा स्कॉटलंडचे सरदार सर चार्ल्स रॉस यांनी स्वतःच्या रचनेची रायफल कॅनडातच बनवून देण्याची तयारी दाखवली. १९०२ मध्ये करार झाला आणि क्वेबेक शहरात कारखाना उभा राहिला. त्यामुळे ही रायफल प्रथमपासूनच केवळ शस्त्र नव्हती. ती एका तरुण राष्ट्राच्या स्वावलंबनाची खूण होती. पुढचा सारा घोळ समजण्यासाठी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

४/ ली-एनफील्डची मूठ आधी वर उचलायची आणि मग मागे ओढायची. उचलताना तरफेसारखा जोर मिळतो आणि चिकटलेली पुंगळी सैल होते. रॉसची मूठ सरळ मागे ओढायची. बोल्टचे डोके आतील पिळाच्या खाचांमुळे आपोआप फिरे. हालचाल वेगवान होती, नेम साधलेला राही. मात्र चिकटलेली पुंगळी उपटण्यासाठी तरफेचा तो जोर नव्हता. सारा भार सैनिकाच्या दंडावर होता.

५/ दोन्ही रायफलींचे काडतूस एकच : .३०३. आपल्याकडे पोलिसांच्या ‘थ्री नॉट थ्री’मुळे हा आकडा घरोघरी परिचित आहे. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. काडतूस आत किती खोल बसावे हे त्या कडेवर ठरते. म्हणून काडतूस जिथे बसते ते चेंबर थोडे ऐसपैस ठेवले तरी काम बिघडत नाही. ब्रिटिशांनी ली-एनफील्डचे चेंबर तसेच ठेवले होते.

६/ रॉसचे चेंबर मात्र तंग होते. तंग चेंबरात काडतूस नीट मध्यावर बसते आणि नेम सुधारतो. नेमबाजीच्या मैदानावर रॉसने नाव कमावले, त्यात या तंगपणाचाही वाटा होता. कॅनडात बनलेली काटेकोर मापाची काडतुसे तिच्यात व्यवस्थित बसत. युद्ध सुरू झाल्यावर मात्र ब्रिटनमधील अनेक कारखाने घाईने काडतुसे ओतू लागले आणि त्यांच्या मापांत अधिक सूट आली. फरक इंचाच्या काही सहस्रांशांचा होता. ली-एनफील्डने तो पोटात घेतला, रॉसला तो घेता आला नाही.

७/ गोळी सुटताना आतील दाबाने पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला टेकते आणि दाब उतरताच किंचित आक्रसते. काडतूस मुळातच जाड, चेंबर तंग, त्यात भरभर गोळीबाराने तापलेली नळी आणि वर धूळ. अशा वेळी आक्रसायला वावच उरत नाही. पाचर ठोकल्यासारखी ती पुंगळी अडकून बसते. ईप्रला हेच घडले.

८/ कारण कळल्यावर उपाय अवघड नव्हता. रीमरने चेंबर किंचित रुंद केले की काम भागे. अशा रुंदावलेल्या अनेक रायफलींवर ‘एलसी’ अशी खूण आढळते. तिचा अर्थ मोठे चेंबर.

९/ तरीही तक्रारी थांबल्या नाहीत, कारण दुखण्याला दुसरे मूळही होते. बोल्ट मागे ओढल्यावर त्याला थांबवणारा धातूचा तुकडा लहान होता आणि बोल्टच्या डोक्यावरील आट्यांच्या एका कडेवर आदळत असे. अडकलेला बोल्ट लाथेने उघडला की तो अधिक जोराने आदळे. पोलाद पुरेसे कठीण नसले, तर ती कड चेपली जाई आणि मग बोल्ट बंद होतानाही अडे. पुढे हा तुकडा मोठा करण्यात आला. पहिल्या दोषानेच दुसरा वाढवला होता. एक सापडला म्हणून शोध थांबवणे ही निदानातील सर्वांत जुनी चूक आहे.

१०/ म्हणून ‘रायफलच वाईट’ म्हणणारे आणि ‘काडतुसेच वाईट’ म्हणणारे, दोन्ही पक्ष अर्धेच खरे ठरतात. दोष रायफल आणि काडतूस यांच्या मेळात होता. तरीही जबाबदारी समसमान वाटता येत नाही. युद्धात जे काडतूस हाती येईल ते पचवणे हे सैनिकी रायफलीचे पहिले कर्तव्य आहे. मैदानावरील बक्षीस हा त्या कर्तव्याला पर्याय होऊ शकत नाही.

११/ खरा गुन्हा पुढचा आहे. कॅनडाचे सैन्यमंत्री सॅम ह्यूज रॉसचे कट्टर पाठीराखे होते. जून १९१५ मध्ये पहिल्या डिव्हिजनला ली-एनफील्ड देण्याचा निर्णय झाला. तरी त्यानंतर फ्रान्सला आलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या डिव्हिजनच्या हाती रॉसच होती. सेनापती ऑल्डरसन यांनी सैनिकांच्या तक्रारी वर पोहोचवल्या, तेव्हा ह्यूज यांनी त्यांच्यावरच आगपाखड केली. मे १९१६ मध्ये ऑल्डरसन यांच्याकडून कॅनेडियन सैन्याचे नेतृत्व गेले. रायफलीवरचा प्रश्न हा राष्ट्रावरचा अविश्वास मानला गेला की असे होते.

१२/ अखेर १९१६ मध्ये आघाडीवरील पायदळातून रॉस काढून घेण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ह्यूज यांना राजीनामा द्यावा लागला आणि १९१७ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला. तोवर चेंबरे रुंद झाली होती, पण विश्वास परत आला नव्हता. शत्रू समोर असताना ज्याची रायफल एकदा अडकली, त्याला तिच्या दुरुस्तीचा दाखला वाचून धीर येत नाही.

१३/ या कथेतील सर्वांत बोलका पुरावा लपून मारा करणाऱ्या नेमबाजांचा आहे. त्यांनी रॉस सोडली नाही. फ्रान्सिस पेगामागाबो हा ओजिब्वे जमातीचा प्रसिद्ध नेमबाज हीच रायफल वापरत असे. निवडून घेतलेली काडतुसे, संथ गोळीबार, निगुतीने ठेवलेले हत्यार. एवढे असले की तीच रॉस अचूक ठरे. म्हणजे रायफल तीच होती, काम निराळे होते.

१४/ आज जुनी रॉस हाती आली आणि तिच्यात काडतूस अडकते असे दिसले, तर रीमर उचलण्याचा मोह संग्राहकाने आवरावा. कमी उष्णतेला वितळणाऱ्या मिश्रधातूने चेंबरचा साचा घेता येतो आणि त्याची मापे काडतुसाशी ताडता येतात. आट्यांची कड चेपली आहे का, हे जाणकार बंदूक-कारागीर सांगू शकतो. तंग, मूळ मापाचे चेंबर हा १९१५ सालचा पुरावा आहे. ते रुंद केले, तर रायफल चालेल. पण तिची साक्ष पुसली जाईल.

१५/ इतिहासातील ‘वाईट’ वस्तूंबाबत हीच शिस्त पाळायला हवी. आधी मोजमाप, मग कारण आणि शेवटी निकाल. ईप्रच्या खंदकात बोल्टला लाथ मारणाऱ्या सैनिकाला दोष ठाऊक होता, फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते. ते नाव शोधणे ज्यांचे काम होते, त्यांनी आधी त्याचे म्हणणे खरे मानायला हवे होते.