शाईचा हात आखडता

लग्नसराईत डिस्क छापण्याचे काम शेवटी उरते आणि घाईत उरकले जाते. अल्बम पेनड्राइव्हवर गेले, तरी वधूवरांचा फोटो छापलेली डीव्हीडी मागणारी घरे अजून आहेत. छापताना सेटिंग मात्र सवयीचे: पेपर 'ग्लॉसी', क्वालिटी 'बेस्ट'. ही सवय मोडायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शाई किती सोडायची, हे प्रिंटर मीडिया टाइपवरून ठरवतो. फोटोपेपर भरपूर शाई पितो. डिस्कवर पांढरा लेप पातळ आणि त्याखाली पॉलिकार्बोनेट, म्हणजे शाई मुरायला जागा थोडी. जास्तीची शाई वरच राहते, अक्षरांच्या कडा पसरतात, डिस्क एकावर एक रचल्या की चिकटतात. एपसनच्या ड्रायव्हरमध्ये 'सीडी/डीव्हीडी' आणि 'सीडी/डीव्हीडी प्रीमियम सरफेस' हे वेगळे पर्याय यासाठीच आहेत. मॅट डिस्कला पहिला, चकचकीत लेपाच्या डिस्कला दुसरा लावून पाहावा. तरीही रंग पुसला जात असेल, तर सॅच्युरेशन उतरवावे.

व्यासाचेही तसेच. डिस्क १२० मिमीची आणि भोक १५ मिमीचे, हे ठरलेले. पांढरा लेप कुठून सुरू होतो, हे ब्रँडनुसार बदलते. काहींवर तो मधल्या भोकाजवळून, तर काहींवर ४६ मिमी व्यासापासून सुरू होतो. प्रत्येक ब्रँडची डिस्क पट्टीने मोजावी आणि आतला-बाहेरचा व्यास सॉफ्टवेअरमध्ये भरावा. लेपाबाहेरच्या प्लास्टिकवर पडलेली शाई वाळत नाही. ती ट्रेला लागते आणि ट्रेवरून पुढच्या डिस्कला.

डेटा आधी राइट करावा, मग छापावे. ओली डिस्क हाताळून राइट करायला घेतली, की ठसे आणि धूळ लागून राइटिंग फसण्याची भीती असते. छापलेल्या डिस्क उन्हात न ठेवता २४ तास सुट्या वाळवाव्यात, तोवर ड्राइव्हमध्ये घालू नयेत. डाय शाई मॅट लेपावर वाळल्यानंतरही पाण्याने पसरते, हे ग्राहकाला देतानाच सांगावे.

नवा लॉट आला, की राइटिंगमध्ये फुकट गेलेल्या डिस्कवर आधी चाचणी घ्यावी. दुसऱ्या दिवशी कोरड्या बोटाने घासून पाहावे आणि जमलेले सेटिंग डब्यावरच लिहून ठेवावे. डिलिव्हरीची तारीख ठरवताना वाळवण्याचा दिवस हिशेबात धरावा; ग्राहक कितीही घाई करो, तो दिवस सोडू नये.