आधी कागद, मग रंगरूप

बैलबाजारात जोडी घ्यावयास गेलेला जाणता शेतकरी शिंगांना लावलेला हिंगूळ किंवा पाठीवरची झूल पाहून सौदा करीत नाही. तो दात पाहून वयाचा अंदाज घेतो, खूर तपासतो, चार पावले चालवून चाल पाहतो आणि पावती हाती पडल्याशिवाय कासरा धरीत नाही. त्याच घरातील शिकलासवरलेला मुलगा मात्र वापरलेली मोटारसायकल घेताना रंगाची चमक, सायलेन्सरचा आवाज, मीटरवरील आकडा आणि मागितलेली किंमत एवढ्या चारच गोष्टींवर भाळतो. पूर्वी कोणाकोणाच्या हाती होती, कोणत्या रस्त्यांवर धावली आणि कागदोपत्री ती आजही कोणाची आहे, हे प्रश्न तो बहुधा व्यवहार उरकल्यावर विचारतो. तोवर वेळ निघून गेलेली असते.

दूर पल्ल्याच्या वेगवान मोटारसायकलींच्या, म्हणजेच ‘स्पोर्ट टूरर’ गाड्यांच्या बाबतीत ही चूक अधिक महागात पडते. शर्यतीच्या गाडीचा वेग आणि लांबच्या प्रवासाला लागणारी आरामशीर बैठक यांचा मेळ घालणारा हा वर्ग आहे. वारा अडविणारे प्लास्टिकचे आवरण (ज्याला फेअरिंग म्हणतात), किंचित पुढे झुकलेली बैठक, दिवसभर न थकणारे इंजिन आणि मागे सहप्रवासी व सामान यांना जागा, ही तिची लक्षणे. बीएमडब्ल्यूच्या ‘आर १०० आरएस’ या १९७६ च्या गाडीने हा घाट जगात रूढ केला. भारतात २००३ मध्ये आलेल्या हिरो होंडा करिझ्माने सर्वसामान्य नोकरदाराला दूरच्या प्रवासाचे वेड लावले. पुढे २०११ मध्ये होंडाची सीबीआर २५०आर, २०१६ च्या अखेरीस बजाजची डॉमिनार ४०० आणि त्याहून मोठ्या वर्गात कावासाकीची निन्जा ६५० अशी मालिका उभी राहिली. यांपैकी अनेक गाड्या आज दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या शोधात आहेत. प्रश्न आहे तो निवडीचा.

गरज आधी, हौस नंतर

निवडीचा पहिला निकष इंजिनाची ताकद हा नसून वापर हा असावा. आठवड्याचे सहा दिवस शहरातील गर्दीतून कार्यालयात जावयाचे आणि वर्षातून दोनदा पुण्याहून गोव्याला, असा ज्याचा दिनक्रम आहे, त्याला २५० सीसीची गाडी पुरून उरते. दोनशे किलोच्या आसपास वजनाची ६५० सीसीची गाडी सिग्नलला दर मिनिटाला थांबवून चालविणे हे सुख नव्हे. शिवाय तिचे टायर, ब्रेक पॅड, विमा आणि नियमित देखभाल यांचा खर्च लहान गाडीच्या कितीतरी पट असतो. स्वस्तात हत्ती मिळाला तरी त्याचा चारा स्वस्त होत नाही.

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणमानक लागू झाले, तेव्हा सीबीआर २५०आर व यामाहा फेझर २५ यांसारख्या गाड्या नव्या मानकात आल्याच नाहीत. अशा गाड्या वाईट आहेत असे नव्हे. सीबीआरचे इंजिन तर टिकाऊपणासाठी नावाजलेले आहे. मात्र आपल्या गावी तिचे भाग मिळतात काय, याची चौकशी सौद्यापूर्वी व्हावयास हवी. फेअरिंगचा एक तुकडा मिळेना म्हणून गाडी महिना महिना गॅरेजमध्ये उभी राहू शकते.

तिसरी बाब जिवाशी निगडित आहे. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सर्वच नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक झाले. त्यापूर्वीच्या सीबीआर व डॉमिनार या गाड्या एबीएससह आणि एबीएसविना अशा दोन्ही प्रकारांत विकल्या जात. पावसाळ्यात घाटात अचानक ब्रेक दाबावा लागतो, तेव्हा चाक न लॉक होणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे तो दहा-पंधरा हजारांच्या फरकासाठी एबीएस सोडणार नाही.

मीटर सांगत नाही ते

किलोमीटर जितके कमी तितकी गाडी चांगली, ही समजूत या वर्गापुरती तरी तपासून घेणे आवश्यक आहे. महामार्गावर एका संथ वेगाने चाळीस हजार किलोमीटर धावलेले आणि वेळच्या वेळी तेल बदललेले इंजिन, शहरात रात्री चाके उचलून बारा हजार किलोमीटर पिळून काढलेल्या इंजिनापेक्षा पुष्कळदा निरोगी असते. त्यामुळे आकड्याइतकेच महत्त्व सर्व्हिसच्या नोंदींना द्यावे. प्रत्येक सर्व्हिसच्या पावतीवर तारीख व किलोमीटर असतात. त्या ओळीने लावल्या की मीटरशी छेडछाड झाली आहे काय, हेही उघड होते.

फेअरिंग हे या गाडीचे सौंदर्य, तसेच तिचा पडदाही. आवरण नवे बसविले की आतला अपघात झाकला जातो. म्हणून एकाच बाजूचे आवरण अधिक नवे दिसते काय, हँडलची टोके, पायटे व इंजिनाच्या कडा यांवर ओरखडे आहेत काय, पूर्ण वळविल्यावर हँडल दोन्ही बाजूंना सारखे फिरते काय, हे पाहावे. पुढच्या शॉकच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ नसावा. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर चासी वाकल्याची शंका घ्यावी. टायरच्या कडेवर छापलेल्या चार आकड्यांतून तो कोणत्या आठवड्यात व वर्षात तयार झाला हे कळते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर वेगात भरवशाचा नसतो.

प्रवासी गाड्यांची आणखी दोन दुखणी असतात. जादा दिव्यांसाठी कापून जोडलेल्या तारा पुढे विजेचे दोष निर्माण करतात, आणि मागे वर्षानुवर्षे वाहिलेल्या ओझ्याने सामानाची चौकट जेथे जोडलेली असते तेथे तडे जातात. इंजिन थंड असतानाच ते सुरू करून पाहण्याचा आग्रह धरावा. आधीच तापवून ठेवलेली गाडी आपले दुखणे लपविते. धूर निळसर दिसला तर तेल जळत आहे असे समजावे. या सर्व पाहणीसाठी माहितगार मेकॅनिकला दिलेले पाचशे-हजार रुपये हा खर्च नव्हे, तो विमा होय.

बोजा आणि नाव

जमीन घेणारा मनुष्य सातबारा पाहिल्यावाचून बयाणा देत नाही. वाहनाचा सातबारा म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. त्यावरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहावेत आणि बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा नोंदलेला आहे काय ते वाचावे. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरला, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ परिवहन कार्यालयात सादर होऊन नोंद रद्द झाली तरच तो उतरतो. तोवर त्या संस्थेच्या संमतीवाचून मालकीचे हस्तांतरण होत नाही. कर्ज फेडून पाच वर्षे झाली आणि पत्र कपाटातच राहून मुदतबाह्य झाले, अशी उदाहरणे विरळा नाहीत. शाखेतील कर्मचाऱ्याने कर्जखाते बंद करताना ग्राहकाला पत्रासोबत हा एक सल्ला दिला तर पुढचा मनस्ताप टळेल.

याहून गंभीर आहे ती कोऱ्या फॉर्मची प्रथा. विक्रेता फॉर्म २९ व ३० यांवर सह्या करून मोकळा होतो, मध्यस्थ ते फॉर्म खिशात घालतो, आणि गाडी मूळ मालकाच्याच नावाने दोन-तीन हात फिरते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची माहिती विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला द्यावयाची असते. ही औपचारिकता नव्हे. अशाच हात बदलत गेलेल्या एका वाहनाच्या अपघातप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्णय दिला की, नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे गाडी विकून, पैसे घेऊन, घरी बसलेल्या मनुष्यावर ज्याचा त्याने कधी विचारही केला नाही अशा अपघाताचा भार येऊ शकतो. आयुष्याची पुंजी त्यात जाऊ शकते.

ओळखीच्या माणसाशी व्यवहार असताना इतका संशय कशाला, असे यावर म्हटले जाते. परंतु नाव बदलण्याचा आग्रह हा अविश्वास नव्हे. तो दोघांचेही रक्षण करतो, आणि सर्वाधिक रक्षण विक्रेत्याचे करतो. मित्राच्या मैत्रीला जपायचे असेल तर त्याचे नाव आपल्या गाडीवरून लवकर उतरविणे हाच उत्तम मार्ग होय. व्यापाऱ्याकडून घेत असल्यास तो अधिकृत आहे काय हे विचारावे. एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्याने नोंदणी कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावयाचे असून, ताब्यात असलेल्या वाहनाची जबाबदारीही त्याच्यावर येते.

विमाही मालकासोबत बदलावा लागतो. हस्तांतरणानंतर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करणे आवश्यक आहे; अन्यथा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई नाकारली जाऊ शकते. विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो. हप्त्याचा हिशेब करताना हे विसरू नये.

बदलीच्या नोकरीत असलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. इंदूर किंवा हैदराबादेत स्वस्त मिळालेली गाडी महाराष्ट्रात कायमची आणावयाची तर तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र, इकडचा नवा कर आणि नवा क्रमांक हे सारे किमतीत धरावे लागते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘बीएच’ मालिकेतील गाडी असेल तर तिचा कर दोन-दोन वर्षांच्या टप्प्यांत भरलेला असतो. तो कोणत्या तारखेपर्यंत भरला आहे आणि खरेदीदार त्या मालिकेस पात्र आहे काय, हे आधी ठरवावे.

किंमत म्हणजे केवळ आकडा नव्हे

विक्रेता नेहमी आपण मोजलेल्या किमतीचा दाखला देतो. खरेदीदाराने मात्र आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी तुलना करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या मोटारसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. साहजिकच लहान इंजिनाच्या जुन्या गाडीची जुनी किंमत आज टिकू नये. मोठ्या गाड्यांच्या बाबतीत जुनी घेण्याचे आकर्षण वाढले आहे, आणि म्हणूनच तेथे घाईही अधिक होते.

कर्जाच्या बाबतीत दराचा प्रकार विचारणे अगत्याचे आहे. समजा, १,२०,००० रुपये तीन वर्षांसाठी हवे आहेत. घटत्या शिलकीवर १४ टक्के दराने हप्ता सुमारे ४,१०० रुपये पडतो आणि एकूण व्याज सुमारे २७,६०० रुपये होते. दुकानात मात्र कोणी ‘केवळ ९ टक्के’ असे सांगतो, आणि तो दर सरळ, म्हणजे मूळ रकमेवर तिन्ही वर्षे लागणारा असतो. त्याचे व्याज ३२,४०० रुपये होते. नऊ हे चौदापेक्षा महाग पडले! कानाला गोड वाटणारा आकडा आणि खिशातून जाणारी रक्कम यांत एवढे अंतर असू शकते. याखेरीज टायर, चेन-स्प्रॉकेट, विमा, नावबदल आणि चांगले हेल्मेट यांसाठी किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम हाती राखूनच सौदा करावा. सगळी पुंजी गाडीत घालणाऱ्याला प्रवासासाठी काही उरत नाही.

वापरलेली गाडी घेण्यात कमीपणा काहीच नाही. पहिल्या मालकाने सोसलेली घट दुसऱ्याचा फायदा होते, आणि नीट निवडलेली जुनी गाडी नव्याइतकाच आनंद देते. अट एवढीच की क्रम चुकू नये. प्रथम गरज, मग कागद, मग यंत्र आणि सर्वांत शेवटी रंगरूप. बैलाच्या शिंगांचा हिंगूळ पहिल्या पावसात धुऊन जातो. उरते ती त्याची चाल आणि मालकाच्या हातातील पावती. घाटातील एखाद्या वळणावर गाडी थांबवून समोरची दरी निवांत पाहावयाची असेल, तर ती पावती आपल्या नावाची असावी.